सोडण्याचे कारण : इतर

मराठी मध्यमवर्गीय घरात नापास होण्याची रीत ठरलेली आहे. निकाल लागतो, वडील चष्मा काढून पुसतात, आई ओट्यावर भांडी जरा जोरात ठेवते, कुठलातरी काका पेपर पुन्हा तपासायला टाका म्हणतो आणि चार-आठ दिवसांत सगळे मिळून पोराच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था लावून मोकळे होतात. पहिल्या नंबराचीही रीत आहे. पेढे येतात, ते आधी देवापुढे आणि मग शेजारी जातात, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर गुणवंतांचा सत्कार होतो आणि नगरसेवकाच्या हस्ते कंपासपेटी मिळते. बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या पिढीच्या डोक्यातून ती काही उतरलेली नाही. मात्र पहिला नंबर आलेल्या मुलीच्या हातात त्याच वर्षी शाळा सोडल्याचा दाखला ठेवला, तर पेढे वाटायचे की भांडी आपटायची, याची रीत कुणीच घालून दिलेली नाही.

२०२५ साली आमच्या घरात हा पेच पडला. मार्चअखेर मला ‘एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स’ असं रेटिंग मिळालं. याच्यावर आमच्याकडे एकच पायरी होती आणि ती कुणी चढल्याचं ऐकिवात नव्हतं. सोबत पगारवाढीचं पत्र होतं, तुमच्यासारख्या सहकाऱ्यांमुळेच कंपनी पुढे जाते असा मजकूर होता आणि खाली फार मोठ्या माणसाची सही होती. जूनमध्ये कंपनी पुढे गेली आणि मी मागे राहिले.

कंपनी मोठी होती. हिंजवडीत तिची एक आख्खी इमारत होती, आणि तिचा निम्मा दिवस वाकडच्या पुलावर अडकलेला असे. अशा कंपन्यांत वाईट बातमी सांगायचीही पद्धत असते. सकाळी कॅलेंडरवर ‘क्विक कनेक्ट’ नावाची पंधरा मिनिटांची मीटिंग आली. विषय लिहिलेला नव्हता, पण निमंत्रितांत एचआरमधल्या बाई होत्या. मीटिंगला विषय नसेल आणि एचआर असेल, तर विषय आपण असतो, एवढं इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं.

माझा मॅनेजर माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, गुणी मुलगा. तो बोलायला लागला आणि त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे जाऊ लागले, टोकाला पोचले की झटकन पुन्हा डावीकडे. त्याला कुणीतरी लिहून दिलेलं होतं आणि तो शब्द न गाळता वाचत होता. बिचाऱ्याचा घसा कोरडा पडला होता. तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही, हे त्या कागदावर पुन्हा पुन्हा येत होतं. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की बाबा रे, एखादी तरी तक्रार असू दे. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “काही प्रश्न आहेत?”

मी म्हटलं, “गुरुवारचं रिलीज कोण बघणार?”

एचआरच्या बाईंनी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने कागदाकडे. कागदावर हे नव्हतं. तो म्हणाला, “मी तुम्हाला कळवतो.” आणि त्याने खरंच कळवलं. गुरुवारी रात्री अकराच्या पुढे माझ्या घरच्या फोनवर त्याचा फोन आला. ओशाळलेल्या आवाजात त्याने विचारलं, की सर्व्हर परत चालू करताना कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर, हे कुठे लिहून ठेवलंय का? मी त्याला तोंडी सांगितलं. तो चुकला तिथे थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून करून घेतलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, तुला काढलंय त्यांनी!” मी म्हटलं, “मला काढलंय, पण सर्व्हर पडलाय ना!” यावर त्याला काही सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही.

लॅपटॉप न्यायला कुरियरचा मुलगा आला तेव्हा त्याच्याजवळ यादी होती : लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, माउस, ओळखपत्र. एकेक वस्तू तो खोक्यात ठेवी आणि बरोबरची खूण करी. ओळखपत्रावरचा माझा फोटो नोकरीला लागले तेव्हाचा, चांगला टवटवीत होता. तो मागावा असं मनात आलं, पण यादीत तशी सोय दिसली नाही.

मग आला बाहेर पडणाऱ्यांसाठीचा फॉर्म. ‘सोडण्याचे कारण’ अशी एक ओळ होती आणि तिच्यावर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पर्याय होते : अधिक चांगली संधी, उच्च शिक्षण, विवाह, स्थलांतर, आरोग्य, इतर. ‘तुम्ही काढलंत’ हा पर्याय नव्हता. विवाहाकडे बघून मी क्षणभर रेंगाळले, कारण त्यातल्या त्यात तेच एक माझ्या आयुष्यात घडून गेलेलं होतं. शेवटी ‘इतर’ निवडलं. लगेच खाली चौकट उघडली : कृपया सविस्तर लिहा. मी लिहिलं, आपणांस माहीत आहे. फॉर्मने ते मुकाट्याने स्वीकारलं आणि पुढचा प्रश्न विचारला : ‘तुम्ही पुन्हा या कंपनीत काम करायला आवडेल असं म्हणाल का? एक ते दहा.’

नातेवाइकांचा फॉर्म याहून कडक असतो. त्यात ‘इतर’ चालत नाही.

“बॉसशी वाजलं का गं?” हे मावशीने विचारलं. “तू जरा फटकळच,” ही तिची स्वतःचीच पुरवणी. आईचं म्हणणं, मी फार पुढेपुढे करते, लोकांच्या डोळ्यांवर येतं. दिराला वाटलं, नवीन तंत्रज्ञान शिकायला मी कमी पडले असणार. नवीन तंत्रज्ञान कंपनीतल्या पोरांना शिकवायचा वर्ग मीच घेत होते, हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “मग शिकवण्यात वेळ गेला असेल.” बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी सहानुभूती दाखवली, पण जाताजाता म्हणालेच, “काहीतरी असल्याशिवाय कुणी काढत नाही.” खरं तर काकांना हे ठाऊक असायला हवं होतं. २०००–०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, लाखाहून जास्त लोक बाहेर पडले, आणि ज्यांना बाहेर दुसरं काम सहज मिळेल असे हुशार लोकच आधी गेले ही कुरकुर तेव्हा बँकाबँकांत होती. काका मात्र शेवटपर्यंत राहिले. त्यामुळे गेलेल्यांत काहीतरी खोट असणार, हा त्यांचा सिद्धांत मला समजू शकतो.

लोकांना नावं तरी काय ठेवायची? मीही तेच करत होते. रात्री पडल्या पडल्या एकेक मीटिंग, एकेक मेल उलगडून बघायची. एका डिसेंबरात मोठ्या साहेबांच्या विनोदाला मी हसले नव्हते, ते नडलं असेल का? कॅमेरा बंद ठेवून कोथिंबीर निवडत होते, ते कुणी पाहिलं असेल का? चूक सापडली असती तर मला आनंद झाला असता, हे हळूहळू लक्षात आलं. चूक असली की गोष्ट आपली असते. आपण केलं, आपण भोगलं, आता सुधारू. सुधारायला काही शिल्लकच नाही म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस अगदी रिकामा होऊन बसतो. त्याला दोषी ठरवलेलं चालतं, पण आपला संबंधच नव्हता म्हटलेलं चालत नाही.

आणि खरोखर संबंध नव्हता. हे पुढे चौकशी करून, आतल्या माणसांशी बोलून कळत गेलं. वरून एक आकडा येतो : अमुक विभागाचा खर्च इतक्या टक्क्यांनी कमी करा. तो आकडा समुद्र ओलांडून खाली येईपर्यंत त्याला माणसांची नावं चिकटलेली नसतात. ती शेवटी चिकटतात, तीही एक्सेलच्या तक्त्यात. त्या तक्त्यात पगाराचा स्तंभ असतो. तो उतरत्या क्रमाने लावला, की वर्षानुवर्षं चांगलं काम करून पगारवाढ मिळवत आलेली माणसं आपोआप वरच्या ओळींत जमतात. म्हणजे तिथेही माझा नंबर वरचाच आला असणार.

पूर्वी आम्ही बेल कर्व्हला शिव्या द्यायचो. १९८१ ते २००१ अशी वीस वर्षं जॅक वेल्च जनरल इलेक्ट्रिकच्या प्रमुखपदी होते. वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी माणसांची वाटणी त्यांनी केली आणि खालच्या दहांना दार दाखवलं. जगभरच्या कंपन्यांनी ते उचललं. चांगल्या माणसांच्या गटातही कुणीतरी शेवटचा ठरवावाच लागतो, म्हणून लोक हैराण झाले. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये असली सक्तीची उतरंड सोडून दिली तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये चहावर चर्चा झाली, की चला, अन्याय संपला. आता वाटतं, त्या रेषेला काळीज नव्हतं हे खरं, पण ती आमचे गुण वाचायची तरी! खालचा जाईल, वरचा राहील, एवढं गणित तिच्यात होतं. नव्या पद्धतीत उत्तरपत्रिका तपासल्या जातात, शेरे मारले जातात, पेढेही वाटले जातात; फक्त वर्गात कोण बसणार हे वर्गखोल्यांच्या भाड्यावर ठरतं.

बड्या घरची उदाहरणं पाहिली की आपण एकट्या नाही एवढं समाधान मिळतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० लोक कमी केले, पुढच्या मार्चमध्ये आणखी १०,००० कमी करायचं जाहीर केलं. २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२,००० जणांची कपात सांगितली. करोनाकाळात सगळं जग घरात बसून स्क्रीनकडे बघत होतं, ते कायमच तसं बसून राहील अशा हिशेबाने भरती झाली होती. लोक घराबाहेर पडले आणि हिशेब चुकला. दोन्हीकडच्या प्रमुखांनी आपल्या पत्रांत जबाबदारी स्वतःवर घेतली. जबाबदारी त्यांनी घेतली, नोकऱ्या इतरांच्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला तर मेटाने कामगिरीत खाली असलेले सुमारे ५ टक्के लोक काढतो असं सांगूनच काढले, आणि त्यातल्या काहींनी आपलं आधीचं रेटिंग चांगलं होतं असं जाहीरपणे म्हटलं. त्यामानाने मी नशीबवान. मला निदान चांगली म्हणून काढलं. मी घरी बसल्यावर महिनाभराने टीसीएसने सुमारे १२,००० लोक, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले, कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा मावशीचा फोन आला. “अगं, म्हणजे तुझं एकटीचंच नव्हे तर!” तिच्या आवाजात इतका आनंद मी तिच्या मुलीच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

आपल्याकडच्या कायद्यानेही गुणांची कधी फिकीर केलेली नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचा क्रम दिलेला होता : त्या त्या वर्गात जो शेवटी आला, तो साधारणपणे आधी जाईल; वेगळं करायचं असेल तर मालकाने कारण नोंदवावं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हाच क्रम आहे. एस.टी.च्या रांगेला शोभेल असा हा साधा न्याय आहे, आणि मला तो आता आवडायला लागला आहे. पण तो आहे कामगारासाठी. व्यवस्थापनाचं काम करणारा त्यात बसत नाही. मला ‘सीनियर मॅनेजर’ केलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. माझ्या हाताखाली तेव्हा एकही माणूस नव्हता. मी मॅनेज करत होते ते सर्व्हर. हुद्द्याच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम बघायचं, असं न्यायालयं सांगत आली आहेत, पण तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढायची म्हटली की पुण्यातला माणूस आधी पार्किंग कुठे मिळेल याचा विचार करतो आणि तिथेच थांबतो.

न्यू जर्सीत माझी एक मैत्रीण आहे. आम्ही एकाच कॉलेजच्या, एकाच कंपनीच्या, आणि निघालो तेही एकाच आठवड्यात. तिचंही रेटिंग उत्तम होतं. पण माझं दुःख मी उशाशी घेऊन झोपू शकत होते, तिच्या दुःखाला तारीख होती. ती एच-वन-बी व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा किंवा व्हिसाची दुसरी काही सोय लावायची, नाहीतर देश सोडायचा. हे साठ दिवससुद्धा २०१७ च्या नियमाने मिळाले, त्याआधी तशी ठरलेली मुदतच नव्हती. घराचे हप्ते चालू, मुलगा दर रविवारी मराठी शाळेत ‘ळ’ गिरवतोय, आणि ही रात्री जागून अर्ज भरतेय. तिने मला एक कागद दाखवला, तो मात्र बघण्यासारखा होता. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना गटाने काढताना, आम्ही वयाच्या कारणावरून दावा लावणार नाही असं कंपनीला लिहून हवं असेल, तर तिला त्या गटातल्या माणसांची यादी द्यावी लागते, काढलेल्यांची आणि ठेवलेल्यांचीही. विचाराला पंचेचाळीस दिवस द्यावे लागतात. त्या यादीत नावं नसतात. हुद्दा असतो, वय असतं आणि पुढे दोन रकाने : किती काढले, किती ठेवले. मैत्रिणीने आपली ओळ बोटाने दाखवली. हुद्दा, वय ४६, काढले १. तिच्या खाली हुद्दा तोच, वय ४१, ठेवले १. ती म्हणाली, “रेटिंगचा रकाना शोधतेय केव्हाची.” मग दोघी हसलो. तिला दुसरी नोकरी मुदत संपता संपता मिळाली, पगार कमी, पण मिळाली.

या सगळ्या गदारोळात एक माणूस असा होता, ज्याने मला ‘का’ हा प्रश्न विचारलाच नाही. माझे सासरे, अण्णा. बातमी कळली त्या संध्याकाळी ते म्हणाले, “सूनबाई, हिशेब पुरा दिला का?”

अण्णा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, त्यात हेही. त्यानंतर गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा वाजला नाही. कापड भिवंडीच्या मागांवर गेलं, जमिनीचा भाव चढत गेला, आणि जिथे साचे खडखडत होते तिथे काचेच्या इमारती आल्या. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. त्यामुळे अण्णा पाहुण्यांना सांगतात, “तसं बघायला गेलं तर मी अजून संपावरच आहे.” एकदा कंपनीच्या लोअर परळच्या ऑफिसात मला एक बक्षीस घ्यायला बोलावलं होतं. परत आल्यावर अण्णांनी पत्ता विचारला, डोळे बारीक करून गल्ल्या मोजल्या आणि म्हणाले, “म्हणजे ब्लो रूममध्ये बक्षीस दिलं तुला. कापूस पिंजायचो आम्ही तिथं.”

तर हिशेब. ग्रॅच्युइटीचं सूत्र अण्णांना तोंडपाठ आहे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ‘सकाळ’च्या समासात मांडणी सुरू केली : पंधरा दिवसांचा पगार, गुणिले झालेली वर्षं. “आणि भागायचं सव्वीसनं बरं का, तीसनं नाही. रविवार धरायचे नाहीत. तीसनं भागून देतील, लक्ष ठेव.” मग माझी पगाराची स्लिप मागितली. बेसिकचा आकडा बघून ते गप्प झाले. खाली त्याच्या दुप्पट आकड्यासमोर ‘स्पेशल अलाउन्स’ लिहिलं होतं.

“हे काय?”

“ते ग्रॅच्युइटीत धरत नाहीत, अण्णा.”

“मग हे स्पेशल कुणासाठी?”

इतकी वर्षं मी त्या स्लिपमधली शेवटची ओळ तेवढी बघत आले होते. हुशार म्हणून नावाजलेली सून आणि सातवी शिकलेले सासरे, यांत पगाराची स्लिप वाचता कुणाला येते, ते त्या दिवशी घरात सगळ्यांना दिसलं.

अण्णांची एक सवय आहे. कापड दिसलं की ते चिमटीत धरतात आणि अंगठा हळूच फिरवतात. लग्नात गेले की शेजारच्या अनोळखी माणसाच्या बाहीला हात लावतात. मग मला माफी मागत हिंडावं लागतं. कंपनीने वाटलेला टी-शर्ट घालून मी बसले होते. त्यांनी बाहीची कड चिमटीत धरली, अंगठा फिरवला आणि निकाल दिला, “दोन धुण्यांत लांबेल.” मग एकदम विचारलं, “तुझं काम चांगलं होतं म्हणतात, ते तुला कशावरून कळायचं?”

मी म्हटलं, “रेटिंग असतं ना.”

“ते त्यांचं झालं. तुला कशावरून कळायचं?”

मी विचार केला. एवढी अप्रेझलं झाली, पण हा प्रश्न कधी कुठल्या फॉर्मवर नव्हता. मग म्हटलं, “काम चांगलं झालं की रात्री कुणाचा फोन येत नाही.”

“म्हणजे धागा तुटत नाही,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी स्लिप घडी घालून माझ्या हातात दिली. “मग ठीक आहे.”

त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. काम एका वहीत, हिशेब दुसऱ्या वहीत. एका वहीतला आकडा दुसरीत शोधायचा नाही, आणि दुसरीतले पैसे मात्र एकही न सोडता मागायचे. गिरणी बंद झाली म्हणून आपण कापड वाईट विणत होतो, असं त्यांना गेल्या चाळीस वर्षांत एकदाही वाटलेलं नाही. आणि आपण कापड चांगलं विणत होतो म्हणून गिरणीने आपल्याला ठेवायला हवं होतं, असंही ते म्हणत नाहीत. गिरणीवर त्यांचा राग आहे, तो थकलेल्या पैशांचा. तो मात्र पैशापैशाने त्यांच्या लक्षात आहे.

मला हे वेगळं करायला वेळ लागला. मी आणि माझ्या बरोबरीच्यांनी दोन्ही वह्या एकत्र शिवून टाकल्या होत्या. कंपनीने शाबासकी दिली की ती आम्ही नोकरीच्या खात्यात जमा करत होतो, आणि एक दिवस काढायला गेलो तर ते खातंच नव्हतं. शाबासकी खोटी नव्हती. मॅनेजर खरंच खूश होता, ग्राहक खरंच खूश होता. पण त्या खुशीवर पुढच्या तिमाहीचं वचन कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही समासात आपल्या हाताने लिहिलं होतं.

राहता राहिली शाबासकीची जडवस्तू. स्पॉट अवॉर्ड, स्टार परफॉर्मर, ओनरशिप चॅम्पियन अशी ॲक्रिलिकची फळकुटं दिवाणखान्यातल्या कपाटात ओळीने उभी होती. घरातल्या कामाच्या मावशी ती दर आठवड्याला पुसत आणि दर आठवड्याला पुटपुटत. दिवाळीच्या साफसफाईत मी ती पिशवीत भरून भंगारवाल्यासमोर ठेवली. त्याने एक उचललं, उजेडात धरलं, नखाने वाजवून पाहिलं आणि परत ठेवलं. “ताई, पितळ असतं तर घेतलं असतं. याला कुणी विचारत नाही.” रद्दी तेवढी त्याने नेली. मावशींनी मात्र ओनरशिप चॅम्पियन मागून घेतलं. त्यांच्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटते, तिच्यात अडकवायला ते बरोबर मापाचं आहे म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर खिडकी आता आपटत नाही. त्या पुरस्काराने पहिल्यांदाच कुणाची तरी अपेक्षा पूर्ण केली.

हल्ली मुलाखती देते आहे. माझी मुलाखत घेणारी मुलं माझ्या भाच्याच्या वयाची असतात, नम्र असतात, आणि एक प्रश्न हमखास विचारतात. परवा एकाने विचारला. कागद खालीवर केला, जरा चाचरला आणि म्हणाला, “मॅडम, इतकं चांगलं रेटिंग होतं, तर मग त्यांनी तुम्हाला…”

पूर्वी या प्रश्नाला मी बराच वेळ बोलत असे : जागतिक मंदी, खर्चकपात, पुनर्रचना, आमच्या विभागाचं धोरण. बोलता बोलता आपण जामीन मागतोय असं वाटायचं. परवा म्हटलं, “ते त्यांना विचारा, त्यांना ठाऊक असेल. मी काम कसं करत होते ते मला विचारा, ते मला ठाऊक आहे.” मग त्याने कामाचं विचारलं, आणि आमचा तासभर कसा गेला कळलं नाही. सर्व्हर परत चालू करायच्या पायऱ्यांवर आमचं चांगलं कडाक्याचं भांडण झालं. ते माझ्या बाजूने संपलं.

शेवटी एचआरची मुलगी आत आली. तिने हसून सांगितलं, की आमच्याकडे परफॉर्मन्सची अतिशय पारदर्शक पद्धत आहे, पाच पायऱ्यांचं रेटिंग आहे, आणि उत्तम काम करणाऱ्यांचं आम्ही फार कौतुक करतो.

मी म्हटलं, “कौतुकाचं नंतर बघू. बेसिक किती धरणार ते सांगा.”